बिनदोऱ्याच्या सुया

१

सकाळचा चहा झाला की मी दहा सुयांत दोरा ओवायचे. तीन वर्षं हे काम माझ्याकडे होतं.

माझ्या सासूबाई, धुरपताबाई, यांना शहापुरात सगळे शिलाईवाली म्हणून ओळखत. चाळीस वर्षं त्यांनी समोरच्या खोलीत मशीन चालवलं. मग डोळे गेले. दोन्ही. मशीन बंद पडलं, पण हात थांबले नाहीत. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून त्या हातानेच गोधड्या शिवत बसायच्या. डाव्या अंगठ्याने मागचा टाका कुठे संपला ते चाचपायचं आणि त्याच्या शेजारी सुई घालायची. दोरा संपला की रिकामी सुई, सुया ठेवायच्या मूठभर गादीच्या डाव्या काठाला टोचायची आणि उजव्या काठाची पुढची घ्यायची. दहा सुया चार वाजेपर्यंत पुरत.

माघात त्या गेल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. मला वाटलं होतं, आता महिनाभर झोपेन. तसं काही झालं नाही. माझा नवरा अश्वजित एसटीत कंडक्टर आहे. एक दिवस पहाटेची ड्युटी, एक दिवस बाहेरगावी मुक्काम. मुलगी प्रतिक्षा नागपूरला नर्सिंगला. मी आशा वर्कर. सकाळी घरोघरी फिरायचं, दुपारी येऊन रजिस्टर भरायचं, मग धुणं, भांडी, पाणी. घरातलं एक माणूस कमी झालं म्हणून काम कमी होत नाही, हे मला तेव्हा कळलं.

दिवाणाखाली त्यांची पेटी होती. मी ती सहा महिने उघडली नव्हती.

२

"आई, फेकून दे ना ते सगळं," प्रतिक्षा फोनवर म्हणाली.

"देऊन टाक कोणाले," अश्वजित म्हणाले.

पण भादव्यात पेटी उघडली आणि टाकवेना. बिस्किटांच्या डब्यात बटणं होती, रंगवार दोऱ्यात ओवलेली. जुन्या ब्लाउजांचे हूक, उसवलेल्या चेनी, इलास्टिकचे तुकडे, अस्तराच्या कातरणी, कोटाच्या खांद्यात घालायच्या गाद्या, खडू, तीन टेप. काहीच वाया घालवायचं नाही, हा त्यांचा स्वभाव.

मी एकेक कामाला लावलं. खांद्याच्या गाद्या चुलीवरचं गरम भांडं उतरवायला घेतल्या. चेन उशीच्या अभ्र्याला बसवली. वाऱ्याने पडदा उडायचा, त्याच्या खालच्या काठात जड बटणं शिवली. खडूने सिलेंडरवर लावल्याची तारीख लिहिली. एक टेप फाटका होता, त्याने अंगणातला टमाटरचा वेल बांधला. खरं सांगते, बरं वाटत होतं. नवीन काही आणायचं नव्हतं, बाहेर कुठे जायचं नव्हतं.

शेजारच्या सत्यभामाबाई आमच्या बचत गटाच्या अध्यक्ष. त्या आल्या आणि पेटी बघून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"बाप्पा! रत्नमालाबाई, एवढा खजिना घरात अन् तुमी बोलल्या नाई? प्लास्टिकच्या थैल्या बंद झाल्या तं हायवेवरचे दुकानवाले कापडाच्या मागून राहिले. चाळीस थैल्या बनवा."

"मशीन जाम हाय वो."

"मंग हातानं बनवा. तुमच्या सासूनं हातानं गोधड्या नाई बनवल्या का?"

मी हो म्हटलं. नाही म्हणायलाही जोर लागतो.

मलाही जवळचं धूसर दिसायला लागलं होतं. सकाळी अंगणात उजेड चांगला, म्हणून चहा झाल्यावर मी पुन्हा दहा सुया ओवून गादीत टोचून ठेवायला लागले. दुपारी आले की थैल्या घेऊन बसायचं.

तिसऱ्या दिवशी एक वाजता घरी आले. कुलूप उघडलं, पाणी प्यायले, समोरच्या खोलीत गादी घ्यायला गेले. सात सुया रिकाम्या होत्या. सातही गादीच्या डाव्या काठाला, ओळीने.

३

आदल्या दिवशी मीच संपवल्या असतील आणि सकाळी तीनच ओवल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं. थकलेल्या माणसाला सकाळचं दुपारी आठवत नाही. एकदा मी गॅसवर रिकामं भांडं ठेवून शाळेपर्यंत गेले होते.

दुसऱ्या दिवशी मोजून दहा ओवल्या. दुपारी दहाही रिकाम्या. डावीकडे.

थैल्या तशाच होत्या. त्यांना एक टाका वाढलेला नव्हता. मग दोरा गेला कुठे? खोली लहान आहे. दिवाण, झाकलेलं मशीन, भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खिडकी. मी दिवाणाखाली झाडलं, मशीनचं कापड झटकलं. हायवेवरून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकला खिडकीची काच थरथरत होती. चोर दोरा चोरत नाही. उंदीर सुया ओळीने लावत नाही. तिथे माझी अक्कल संपली आणि मी भात टाकायला उठले.

संध्याकाळी अश्वजित ड्युटीवर जायला तयार होत होते.

"प्रतिक्षाची आई, हे काय करून ठेवलं?"

खाकी शर्टाचा खिसा वरून शिवलेला होता. पेन आत जाईना.

"मी नाई शिवला."

"मंग काय मी शिवला?" ते हसले. "फाटला समजून शिवून टाकला असशील. पाय बरं, टाके तं तुयेच हायेत."

टाके बारीक होते, जरा तिरपे, शेवटी दोनदा मागे घेऊन पक्के केलेले. टाके माझेच. पण मी शिवायला आईंकडून, म्हणजे सासूबाईंकडूनच, शिकले होते. आमचे टाके कोणालाच वेगळे ओळखू यायचे नाहीत.

मी उसवून दिलं. ते गेले.

दोन दिवसांनी सकाळी आठला निघायची वेळ झाली आणि खुंटीवरची माझी आशाची बॅग उघडेना. चेन जागेवर होती, पण चेनीच्या वरून कापडाला कापड घट्ट शिवलेलं. आत रजिस्टर, गोळ्या, थर्मामीटर, सगळं तसंच. काठाला बोट लावलं तर प्रत्येक टाका सारख्या अंतरावर.

पारावर बायका वाट बघत होत्या. मी कैचीने कापत बसले आणि कापता कापता हात इतका जड झाला की क्षणभर वाटलं, राहू द्यावं. बंद झाली तर झाली.

४

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी तोपर्यंत कोणाला सांगितली नव्हती.

आईंच्या शेवटच्या सहा महिन्यांत मी सुया ओवत नव्हते.

एका सकाळी लसीकरणाचं शिबिर होतं. रात्रभर त्यांना खोकला, मी दोनदा चादर बदललेली, डोळ्यांसमोर सुईचं भोक हलत होतं. मी दहा सुया तशाच टोचल्या आणि गादी त्यांच्या मांडीवर ठेवली. वाटलं, ओरडतील, तेव्हा ओवून देऊ. संध्याकाळी आले तर दहाही सुया डावीकडे लागलेल्या. त्या दिवसभर बिनदोऱ्याच्या सुईने शिवत बसल्या होत्या. चेहरा शांत.

दुसऱ्या दिवशीही मी तसंच केलं. मग रोज. दहा मिनिटांचं काम होतं. पण त्या दहा मिनिटांत मी उंबऱ्यावर नुसती बसायचे, चहाचा रिकामा कप हातात घेऊन, आणि माझ्याजवळ दिवसाची तेवढीच एक जागा होती.

एकदा त्यांनी विचारलं, "रत्ना, आज कोणता रंग हाय वो?"

"निळा," मी म्हटलं.

"निळा चांगला दिसते," त्या म्हणाल्या आणि अंगठ्याने पुढची जागा शोधायला लागल्या.

ती गोधडी पेटीच्या तळाशी होती. बॅग उसवली त्या दिवशी दुपारी मी ती बाहेर काढली. उचलली आणि तिचे थर एकमेकांवरून घसरून जमिनीवर पडले. त्यांना धरून ठेवणारं काहीच नव्हतं. वरचा थर खिडकीसमोर धरला तेव्हा उन्हात भोकंच भोकं दिसली, ओळीवर ओळ, सारख्या अंतरावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी ते थर घडी करून परत ठेवले. रडू आलं नाही. रडायलाही कुठेतरी काहीतरी शिल्लक लागतं.

५

मी सुया ओवणं बंद केलं. सगळे रीळ कपाटात ठेवले, कुलूप लावलं, किल्ली पदराला बांधली. थैल्या अडतीस झाल्या होत्या. उरलेल्या दोन सत्यभामाबाईंकडे बसून पूर्ण केल्या आणि घरी आणून गठ्ठ्यात ठेवल्या.

चार दिवस काही झालं नाही. सुया जिथे टोचल्या तिथे. मला माझं हसू आलं. झोपेत चालणारी माणसं असतात, तशी मी झोपेत शिवत असेन, असं मी ठरवून टाकलं. दुपारी पाठ टेकली की मला गुंगी यायचीच. कोणी डॉक्टर असता तर त्याने हेच सांगितलं असतं.

पाचव्या दिवशी सत्यभामाबाई थैल्या न्यायला आल्या. त्यांनी गठ्ठ्यातली वरची थैली उचलली, तोंड उघडायला गेल्या आणि थांबल्या.

"हे काऊन शिवलं वो?"

दुसरी उचलली. तिसरी. चाळीसच्या चाळीस थैल्यांची तोंडं बंद होती.

"अन् हा दोरा कायचा लावला?" त्यांनी थैली दाराच्या उजेडात नेली. दोन बोटांत टाका धरून ओढला. तो लांब आला, चमकला, अर्धा काळा आणि अर्धा पांढरा.

त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. विंचरताना निघालेले केस मी गुंडाळून खिडकीच्या कोनाड्यात ठेवते, केसांवर भांडी देते त्या भांडेवालीला द्यायला. मी कोनाड्यात हात घातला. कोनाडा रिकामा होता.

"रत्नमालाबाई," त्या हळू म्हणाल्या, "चार दिवस लेकीकडं जाऊन या. आराम करा. तुमचं तोंड पाहा कसं उतरून गेलं."

"सर्व्हे चालू हाय. कशी जाऊ?"

त्यांनी थैल्या उसवायला घरी नेल्या. जाताना मागे वळून पाहिलं नाही.

६

त्यानंतरचा गुरुवार. ऑक्टोबरचं ऊन, धान पिवळं पडायला लागलेलं. मी सकाळपासून करडी गावाहून आलेल्या एका बाळंतिणीसोबत दवाखान्यात होते. दीड वाजता घरी आले. लाइट गेलेली. पंखा बंद, शेजारचा टीव्ही बंद. समोरच्या खोलीत दिवाणावर पाच मिनिटं पाठ टेकायची म्हणून आडवी झाले. चप्पलही पायातच होती.

झोप लागली की नाही, सांगता येत नाही. ट्रकचे आवाज ऐकू येत होते. दोन ट्रकांच्या मधल्या शांततेत दुसरा एक आवाज होता. जाड कापडातून सुई आरपार जाताना होतो तसा, टुक. मग ओढल्याचा, लांब, बारीक. मग थोडा वेळ काही नाही. पुन्हा टुक.

तो आवाज मी चोवीस वर्षं ऐकला होता. पलीकडच्या खोलीतून, स्वयंपाकघरातून, आजारपणात उशाजवळून. त्यामुळे मला आधी भीती वाटलीच नाही. वाटलं, आई शिवत आहेत, म्हणजे चार वाजायचे आहेत, अजून झोपता येईल. मग आठवलं.

डोळे उघडायचे होते. उघडले नाहीत. आवाज उशीजवळ आला होता.

माझ्या डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला अंगठा लागला. कोरडा, टोकाला सुया टोचून टोचून खरखरीत झालेला. तो दाबत नव्हता. पापणीच्या कडेने अगदी सावकाश सरकत होता, मागचा टाका कुठे संपला ते शोधत.

"निळा नव्हता, आई," मी म्हटलं. आवाज निघाला की नाही, माहीत नाही. "निळा नव्हता. काहीच नव्हतं. मी रिकाम्या सुया देत होती तुमाले."

अंगठा थांबला.

मग कपाळावर हात आला आणि दोनदा थोपटलं. लहान लेकरू झोपेत दचकलं की थोपटतात तसं. त्या थोपटण्याने माझं सगळं अंग सैल झालं. देवाशपथ सांगते, नाही, मी देव मानत नाही, पण माझ्या मुलीची शपथ घेऊन सांगते, त्या क्षणी मला उठायचं नव्हतं.

बाहेर फाटकाची कडी वाजली. "रत्नमालाबाई, हायेत का वो घरी?"

मी उजवा डोळा उघडला. उशीशेजारी सुयांची गादी होती. मी ती तिथे ठेवली नव्हती. नऊ सुया डाव्या काठाला. दहावी गादीच्या बाहेर, उशीच्या कडेवरून खाली लोंबत होती, तिच्यात एक लांब केस, आणि वारा नसलेल्या खोलीत ती अजून हलत होती.

सत्यभामाबाई आत आल्या. "काय झालं डोळ्याले?"

"उघडत नाई."

त्यांनी वाकून पाहिलं. "केस अडकला हाय," म्हणाल्या आणि चिमटीत धरून ओढला. मी ओरडले. तो अडकलेला नव्हता. त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी हात मागे घेतला आणि कैची मागितली. कापून झाल्यावर पदराने माझ्या पापणीवरचा रक्ताचा टिपका पुसला. दुसरा टिपका त्याच्या शेजारीच होता, गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर.

"मी काई पाह्यलं नाई, बाई," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी अश्वजित मुक्कामावरून आले. मी त्यांना चहा दिला आणि कबुली दिली. थैल्यांची नाही, अंगठ्याचीही नाही. सुयांची. सहा महिने त्यांच्या आईच्या हातात मी काय दिलं ते. मला वाटलं, ते उठून जातील.

त्यांनी चहा संपवला. कप खाली ठेवला.

"मले माहीत होतं," ते म्हणाले.

"कसं?"

"आईनं सांगतलं होतं. पयल्याच आठवड्यात. सुई हातात धरली तं समजते म्हणे, दोरा हाय का नाई. चाळीस वर्षं शिवलं तिनं."

मी त्यांचा कप जवळ ओढला. मग विचारलं, "काय म्हणाल्या?"

"म्हणे, तिले काई बोलू नको, अश्वजित. लय थकली हाय पोरगी." ते खिडकीकडे बघत होते. "रागावली नव्हती थे. रोज तेच बोले. म्हणे, मायाच्यानं तिले एक दिवस आराम नाई भेटला. माये डोळे असते तं तिचं सारं काम बंद केलं असतं. एकडाव तिले चांगली निजवाचं हाय मले."

हायवेवरून एक ट्रक गेला. काच थरथरली आणि थांबली.

"काऊन, काय झालं?" अश्वजितनी विचारलं. "अशी काऊन पायतेस?"

मी काही नाही म्हटलं आणि कप उचलून आत नेले. मोरीत उभी राहिले आणि नळ सोडला. आत्तापर्यंत मी रागाला भीत होते. रागाची माफी मागता येते.

त्याच दुपारी पेटी आम्ही पवनीकडच्या एका नातेवाईक बाईला देऊन टाकली. तिच्या दोन मुली शिवण शिकतात. मशीनही गेलं. सुयांची गादी अश्वजितनी स्वतः नेऊन वैनगंगेत टाकली. समोरच्या खोलीत आता दिवाण आहे आणि दोन फोटो आहेत. कुठलंही कापड शिवलेलं सापडलेलं नाही. तीन आठवडे झाले.

पण रोज दुपारी मी फिरून येते तेव्हा दिवाणावर अंथरूण घातलेलं असतं. चादर ताणून, चारी कोपरे खोचून, उशी थापटून वर केलेली. सकाळी मी ते काढून कपाटात ठेवून, कुलूप लावून गेलेली असते. पहिल्या दिवशी मी तशीच बाहेर पळाले. आता पळत नाही. अंगणात पायरीवर बसते, अश्वजितची गाडी येईपर्यंत. कधी चार वाजतात, कधी सहा. मुक्काम असला की सत्यभामाबाईंकडे जाते. त्या बसायला देतात, पण फार बोलत नाहीत.

चोवीस वर्षांत माझ्यासाठी कोणी अंथरूण घातलं नव्हतं.

आज सर्व्हेला आठ किलोमीटर झाले. पायाच्या पोटऱ्या दगड झाल्या आहेत. अश्वजितचा मुक्काम आहे आणि सत्यभामाबाईंच्या दाराला कुलूप आहे, त्या आसगावला भावाकडे गेल्या आहेत. अर्धा तास झाला, मी उंबऱ्यात उभी आहे. खोलीत पंखा चालू आहे. मी लावलेला नाही. चादर स्वच्छ आहे, आणि कोणीतरी तिचा एक कोपरा दुमडून उघडा ठेवला आहे, आत शिरायला सोपं जावं म्हणून.